शून्य अक्षरांचा फरक

एक

विजयकर नर्सिंग होममध्ये दुखणं थांबवायला गेलेली पाच माणसं तिथून नवं दुखणं घेऊन आली, आणि हे कोणाच्या लक्षात यायला तीन महिने गेले.

डिलाईल रोडवरचं हे चौदा खाटांचं नर्सिंग होम. २००३ च्या ऑक्टोबरात चार दिवसांत तिथे कोणी कंबर धरून गेलं, कोणी दाढ, कोणी मोडलेला हात. डिसेंबरात एकेकाचे डोळे पिवळे पडायला लागले. जानेवारीत रक्त तपासलं तेव्हा पाचही जणांना हिपॅटायटिस सी निघाला. हा विषाणू हवेतून येत नाही, पाण्यातून येत नाही. तो रक्तातून रक्तात जातो, म्हणजे बहुधा सुईतून.

डिलाईल रोडला बातमी लागायला वेळ लागत नाही, आणि आरोपी ठरवायला तर त्याहून नाही. आरोपी ठरली सिस्टर कालिंदी वरळीकर. त्या पाचांना सुया तिनेच टोचल्या होत्या आणि तिच्या स्वतःच्या रक्तातही तोच विषाणू होता. आणखी काय पाहिजे? नर्सिंग होमचे मालक डॉ. शामराव विजयकर यांनी तिला घरी बसवलं आणि या प्रकारासाठी नेमलेल्या चौकशी समितीला पत्र लिहिलं, की ही बाई नशेची इंजेक्शनं घेते आणि तीच सुई पेशंटना टोचते. समितीची बैठक सत्तावीस फेब्रुवारीला होती. त्या दिवशी कालिंदीचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाणार आणि मागोमाग पोलीस येणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं.

शामरावांवर अविश्वास दाखवायची कोणाची छाती नव्हती. गिरण्यांच्या संपात दोन वर्षं त्यांनी कामगारांना फुकट औषधपाणी केलं होतं. त्यात त्यांच्याही रक्तात विषाणू निघाला, तेव्हा तर चाळीचाळीत लोक हळहळले. बाईने देवमाणसालाही सोडलं नाही म्हणे.

आठवा माणूस नंतर सापडला. चाळीच्या मंडळाच्या खोलीत एका रविवारी तपासणी झाली, त्यात नर्सिंग होमचा वॉचमन रामदास धुरी याच्याही रक्तात विषाणू निघाला.

या आठ जणांचं रक्त परळच्या एका संशोधन संस्थेत डॉ. शैला मेस्त्री यांच्या टेबलावर आलं. शैलाबाई विषाणूंच्या जनुकांमधली अक्षरं वाचत आणि एका रोग्यातला विषाणू दुसऱ्यातल्यापेक्षा किती वेगळा आहे ते मोजत. संशय घ्यायचाच त्यांना पगार मिळत होता, आणि तो त्या प्रामाणिकपणे मिळवत होत्या.

जनुकाचा जो तुकडा सगळ्यात भरभर बदलतो, त्याची तीनशे अक्षरं त्यांनी निवडली. प्रत्येकाच्या रक्तातून विषाणूच्या दहा-दहा प्रती वाचल्या. मग प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करून तक्ता मांडला. दोन अक्षरांचा फरक, पाच, सात, नऊ. एका रकान्यात मात्र शून्य आलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. डॉ. शामराव विजयकर आणि रामदास धुरी. शून्यच होतं.

दोन

"शून्य म्हणजे चांगलंच की मॅडम," आनंदा म्हणाला. आनंदा साळसकर हा लॅबमधला जुना टेक्निशियन, वीस वर्षं रक्त गोळा करणारा. "दोघांना एकाच सुईने झालं, सरळ आहे."

"सरळ दिसतंय म्हणूनच मला आवडत नाही."

शैलाबाईंनी त्याला समोर बसवलं. हा विषाणू नक्कल करणाऱ्या आळशी कारकुनासारखा, प्रत्येक प्रतीत चुका करतो. म्हणून मुंबईतल्या कुठल्याही दोन रोग्यांत या तुकड्यात पन्नास-साठ अक्षरांचा फरक सहज असतो. या आठांत तो दहाच्या आत होता, म्हणजे सगळ्यांचं मूळ एक. इथपर्यंत तक्रार नव्हती. पण एकाच सुईने दोघांना झालं, तरी तीन महिन्यांत दोघांच्या अंगात चुका वेगवेगळ्या व्हायला हव्यात.

"आणि इथे बघ. डॉक्टरांच्या दहा प्रतींत सहा एकसारख्या, तीन एका अक्षराने वेगळ्या, एक भलतीच. रामदासच्या दहांत सहा, तीन आणि तीच भलती. हे दोन रोगी नाहीत, आनंदा. हे एकाच माणसाचं रक्त दोन नळ्यांत आहे."

आनंदाचा चेहरा उतरला. नळ्या त्यानेच आणल्या होत्या. "मॅडम, देवाशपथ, माझ्याकडनं घोळ नाय झाला."

"मी कुठे म्हटलं?" शैलाबाई म्हणाल्या. पण मनात त्यांनी ते म्हटलं होतं, आणि त्यालाही ते कळलं.

"बाकीच्यांचं रक्त मी स्वतः काढलं," आनंदा जरा दुखावूनच म्हणाला. "डॉक्टरांचं नाय. जानेवारीत मी गेलो तेव्हा ते ऑपरेशनमध्ये होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी भरलेली नळीच दिली. रात्रभर तिकडच्या फ्रिजमध्ये होती. फ्रिजची चावी सिस्टरकडे."

म्हणजे पुन्हा कालिंदी. शैलाबाईंनी ते लिहून घेतलं, पण त्यांना टोचत होतं ते वेगळंच. वर्षानुवर्षं एकाच अंगात राहिलेल्या विषाणूच्या दहा प्रती एकमेकींपासून खूप फाकलेल्या असतात. या आठ नळ्यांत तसं एकही रक्त नव्हतं. कालिंदीच्याही प्रती जवळजवळ जुळ्या, म्हणजे तीन-चार महिन्यांपूर्वी लागण झालेल्या माणसाच्या. हे सगळे नवे भाडेकरू होते. ज्याच्यापासून हे सुरू झालं त्या जुन्या मालकाचं रक्त या टेबलावर आलंच नव्हतं.

आणि तो अजूनही त्या नर्सिंग होममध्ये येत-जात असला तर?

तीन

वरळी कोळीवाड्यात कालिंदीचं घर विचारावं लागलं नाही. शैलाबाई दिसताच बायकांनी आपणहून बोट दाखवलं, आणि ते बोट काही मायेचं नव्हतं.

दारात कालिंदीची आई गुणवंती बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही. "सुई घेऊन आलीस का तू पण?"

"नाही. विचारायला आलेय."

कालिंदी आतून आली. पस्तिशीची, हाडापेराने मजबूत, पण डोळ्यांखाली काळं पडलेलं. "मी नशा करत नाय मॅडम. एक सुई दोघांना कधी लावली नाय. एवढंच सांगायचंय."

"मग तुझ्या अंगात हा आला कुठून?"

कालिंदीने मान फिरवली.

"सुई टोचली चुकून?"

"नाय."

"त्या पाचही जणांना तू काय दिलं होतंस?"

"दुखण्याचं इंजेक्शन. मोठी बाटली असते, एकीत दहा-बारा जणांचं होतं. सुई दर वेळी नवीन." हे तिने न अडखळता सांगितलं.

"डॉक्टरांच्या रक्ताची नळी रात्रभर तुझ्या ताब्यात होती."

"फ्रिजात होती. मी हात नाय लावला."

ही बाई काहीतरी लपवते आहे, हे शैलाबाईंना लख्ख दिसत होतं. खरं बोलणारा माणूस इतकं मोजून बोलत नाही. त्यांना तिची कीव आली आणि रागही आला. सत्तावीस तारखेला हिचं सगळं आयुष्य उचलून नेणार आहेत, आणि ही ओठ मिटून बसली आहे.

निघता निघता त्यांनी सहज विचारलं, "रामदास धुरीलाही झालाय, ठाऊक आहे?"

"रामदासकाकांना?" ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

चार

शामराव विजयकर सत्तरीला आलेले, गोरेपान, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. त्यांनी शैलाबाईंना खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाला टेकून उभे राहिले.

"बसा ना डॉक्टर."

"पाठ बसू देत नाही. अठ्ठावीस वर्षं वाकून टाके घातले, त्याचं व्याज." ते छान हसले. "मेस्त्रींची मुलगी ना तुम्ही? अप्पा बरे आहेत?"

शैलाबाईंना ओशाळल्यासारखं झालं. संपात अप्पांचा टायफॉइड याच माणसाने बरा केला होता. तरी त्यांनी तक्ता पुढे केला आणि शून्य दाखवलं.

शामरावांनी ते शांतपणे पाहिलं. "म्हणजे तुमच्या लॅबमध्ये नळ्यांची अदलाबदल झाली. त्या साळसकरचा हलगर्जीपणा. मी समितीला आजच लिहितो. आणि रामदासला लागण झालेलीच नसणार. हे बघा."

त्यांनी इंजेक्शनची वही उघडली. ऑक्टोबरच्या चार दिवसांत पाच रोग्यांची नावं, वेळ, औषध, सगळं कालिंदीच्या अक्षरात. "रामदासला आमच्याकडे वर्षभरात एक सुई टोचलेली नाही. मी जानेवारीतच वही तपासली होती."

"जानेवारीत? तेव्हा रामदासबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं."

शामरावांनी वही मिटली. "मी सगळ्या स्टाफचीच तपासली."

बाहेर स्टुलावर रामदास बसला होता, साठीकडे झुकलेला, निळ्या गणवेशातला. तो शैलाबाईंसाठी उठला, पण गुडघ्यावर हात दाबून, दोन हप्त्यांत. त्यांच्या नजरेला नजर मात्र त्याने दिली नाही.

पाच

"रामदास धुरी?" अप्पा जेवता जेवता थांबले. लालबागच्या खोलीत बापलेकी दोघंच असत. "तो गिरणीत आमच्या खात्यात बदली होतो गो. वर्सानुवर्सां बदलीच. कायम झालोच नाय, आणि मगे संप इलो."

शैलाबाईंनी सगळं सांगितलं. एक रक्त आणि दोन नावं. अदलाबदल, हलगर्जीपणा, फ्रिजची चावी.

अप्पा ऐकत होते, मग हसायला लागले. "तू इतकी शिकलंस, पण गिरणी इसारलंस. अगो, एकाचा नाव पुकारलां आणि तो नसलो, तर दुसरो उभो रवता. त्याच्या साच्यावर, त्याच्या नावार. त्याका कोण चोरी म्हणत नाय. बदली म्हणतत. रामदासान जन्मभर दुसरां काय केल्यान?"

शैलाबाईंचा घास हातातच राहिला. त्या इतके दिवस नळ्या कोणी बदलल्या ते शोधत होत्या. नळ्या बदलल्याच नव्हत्या. माणूस बदलला होता.

पण मग बदलीला बसवलं कोणी? नळीवर नाव डॉक्टरांचं, हे खरं. तरी शामराव म्हणणार, मी माझंच रक्त भरलं होतं, फ्रिजमधली नळी कालिंदीने बदलली. तिच्याकडे चावी होती. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय, हे अक्षरं सांगणार नव्हती.

सहा

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रामदासला घेऊन कोळीवाड्यात गेल्या. कुठे जातोय ते त्यांनी सांगितलं नाही. कालिंदीला पाहून तो दारातच थबकला.

"धुरीकाका, बसा," शैलाबाई म्हणाल्या. "कालिंदी, यांना इंजेक्शन कधी दिलंस?"

रामदासने घाईने मान हलवली. "माका नाय कोण..."

"राहू दे काका," कालिंदी म्हणाली. काल रडून तिचं सगळं ओझं उतरलं असावं. "सतरा ऑक्टोबरला. गुडघा धरून जिन्यात बसले होते. डॉक्टर बाहेर गेलेले. त्याच बाटलीतलं दिलं. माझी दाढ ठणकत होती, मी पण त्यातलंच घेतलं. वहीत नाय लिहिलं दोन्ही. लिहिलं असतं तर चोरी केली म्हणून काढलं असतं मला."

शैलाबाईंनी डोळे मिटले. सगळे धागे एका जागी आले होते.

"मग ऐका," त्या म्हणाल्या. "ज्याने धुरीकाकांचं रक्त डॉक्टरांच्या नावाने नळीत घातलं, त्याला स्वच्छ रक्त हवं होतं. विषाणू नसलेलं. कालिंदीला तसं रक्त हवं असतं, तर तिने काकांना निवडलंच नसतं. त्या बाटलीतलं औषध तिनेच यांना टोचलं होतं. बिनलागणीचा माणूस म्हणून यांना निवडणारा तोच, ज्याने फक्त वही वाचली आणि वहीवर विश्वास ठेवला. वही जानेवारीत कोणी तपासली, ते त्यांनी स्वतःच मला सांगितलं."

गुणवंतीचे हात बोंबलांवर थांबले.

"सगळ्यांना औषध एका बाटलीतलं. सुई दर वेळी नवी. म्हणजे घाण सुईत नव्हती, बाटलीत होती. आपली वापरलेली सुई पुन्हा त्या बाटलीत घालणारा, ज्याला रोज दुखण्याचं औषध लागतं, असा तिथे कोण आहे?"

"डॉक्टरांची पाठ," कालिंदी हळूच म्हणाली. "केबिनचं दार लावून स्वतःच घेतात."

रामदासने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. हात खाली घेऊन तो बोलला. "डॉक्टर म्हणाले, रामदास, माझ्या नावाने जरा रक्त दे, माझी शीर मिळत नाय. मी म्हटलं, घ्या. त्यात काय वाईट असा, बाय? मी त्यांच्यासाठी जीव दिला असता."

"हे समितीला लिहून द्याल?"

रामदासने मान हलवली. नाही.

"संपात माझी पोरगी देवाघरी जायचीच बाकी होती. चार रात्री ते उशाशी बसले. त्यांच्या विरोधात माझा हात चालणार नाय." तो उठला, आणि कालिंदीकडे न बघता निघून गेला.

सात

शामरावांनी आनंदाविरुद्ध तक्रार केली होती, आणि तीच त्यांना नडली.

"तुमचं म्हणणं, लॅबने घोळ घातला," शैलाबाई केबिनमध्ये उभ्या राहून म्हणाल्या. "समितीचं पत्र आहे. पुन्हा नमुना घ्यायचाय. मी स्वतः घेणार."

"मी काढून पाठवतो."

"सुई मी आणलीय डॉक्टर."

शामरावांनी बाही वर केली. शीर पहिल्याच प्रयत्नात मिळाली.

"किती जुना निघेल?" नळी भरताना त्यांनी विचारलं. आवाजात आता तो छान हसरेपणा नव्हता.

"तुम्हाला माहीत आहे?"

"तीन वर्षांपूर्वी कळलं. झाला असेल संपातच. एका मोर्चानंतर दुपारभरात तीस जणांची डोकी शिवली, हातमोज्यांशिवाय. हे बाहेर आलं असतं तर दवाखाना बंद झाला असता. या लोकांनी जायचं कुठे होतं?"

शैलाबाई म्हणाल्या, "कालिंदीने कुठे जायचं होतं?"

निकाल पंचवीस तारखेला आला. दहा प्रती, दहाही वेगळ्या, वीसेक वर्षं एका अंगात फाकत गेलेल्या. त्यातल्याच एका फांदीवर बाकीचे सातही जण कोवळ्या डहाळ्यांसारखे लोंबत होते. जुना मालक सापडला. पण समितीचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "बाई, आधीच्या नळीत रक्त दुसऱ्याचं होतं, हे तुमचा तक्ता सांगतो. ती सिस्टरने बदलली की डॉक्टरने, हे माणसाने सांगायला हवं. नाहीतर दोघांवरही संशय राहील, आणि संशय राहिला की कोणावर बसतो ते तुम्हाला माहीत आहे."

सव्वीसला शैलाबाई रामदासच्या खोलीवर गेल्या. तो खाटेवर बसून होता. कामावर जाणं त्याने सोडलं होतं.

"मी आग्रह करायला आले नाही काका. एक तारीख सांगायला आलेय." त्यांनी कागद उघडला. "डॉक्टरांच्या नावाची नळी तपासली, त्यात आजार निघाला. निकाल डॉक्टरांच्या हातात पडला वीस जानेवारीला. त्या नळीत रक्त तुमचं आहे, हे जगात दोघांनाच माहीत होतं. तुम्हाला त्याचा अर्थ कळत नव्हता. त्यांना कळत होता."

रामदासने कागदाकडे बघितलं.

"तुम्हाला आजार झालाय हे त्यांना वीस तारखेला कळलं. चाळीतली तपासणी आठ फेब्रुवारीची. मधले एकोणीस दिवस तुम्ही रोज त्यांना दार उघडत होता. ते काही बोलले?"

बाहेर कोणीतरी नळावर हंडा लावला. तो भरून वाहायला लागला. शैलाबाईंना वाटलं, आपण उगाच आलो, म्हाताऱ्याच्या काळजाला आणखी एक भोक पाडलं.

"बोलायचे ना," तो शेवटी म्हणाला. "रोज विचारायचे. रामदास, जेवलास काय?"

त्याने डोळे पुसले, आणि खाटेखालून चपला ओढून पायात घातल्या.

"चला. कालिंदीला पण बोलावून घ्या. तिच्यासमोर सांगतो."